विनेश मंजूर करतो

१५ सप्टेंबर, सोमवार

नवी मुंबईतली नोकरी गेल्यापासून मी भिंतींशी भांडते, असं आईचं म्हणणं. म्हणून ही वही आणलीये. भिंतींना तरी आराम.

आज खारशेतला आले. काशीद मागे टाकून मुरूडकडे निघालं की एक फाटा खाली बंदरावर उतरतो, तिथलं हे गाव. इथल्या मच्छीमार संस्थेचं दोन महिन्यांचं काम मिळालंय. कुठली होडी कधी गेली, कधी आली, बर्फ किती नेला, माल किती उतरला, सगळं संस्थेच्या संगणकावर आहे. वारा बिघडणार असला की सगळ्या होड्यांच्या फोनवर मेसेजही त्यातूनच जातो. हे सगळं एकट्या मुलाने उभं केलं, विनेशने. चेअरमन हरेश्वरकाकांचा तो मुलगा. अलिबागला कॉम्प्युटर शिकला आणि तरी समुद्रावर जायचा. गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी खलाशी आला नाही म्हणून एकटाच होडी घेऊन गेला. नंतर होडीच्या फळ्या मिळाल्या, तो मिळाला नाही.

"मेला" असं इथे कुणी म्हणत नाही. मी आज आल्याआल्याच म्हणाले, आणि ऑफिसात एकदम शांतता. काका फक्त म्हणाले, "तो बाहेर हाय." संगणकावर त्याच्या होडीपुढे अजून 'बाहेर' असंच आहे. त्याचा मासळीचा वाटाही रोज घरी जातो म्हणे.

संस्थेला अनुदान देणाऱ्यांनी पत्र पाठवलंय, जो माणूस कामावर नाही त्याच्या नावावर सगळा कारभार कसा? तर विनेशचं नाव यंत्रणेतून काढून कारभार जिवंत माणसांच्या नावावर करायचा, हे माझं काम.

राहायला काकांच्या घरामागची खोली, एरवी पर्यटकांना देतात ती. भिंतीपलीकडे विनेशची बायको किशोरीवहिनी ब्लाऊज शिवते. मी आल्यापासून शिलाई मशीन खडखडतंय. म्हणजे भिंतीशी भांडायला इथेही कारण आहेच.

१७ सप्टेंबर, बुधवार

मला दुसऱ्याचं काम सहसा आवडत नाही. जुन्या नोकरीतला माझा मित्र निकेत म्हणतो, माझं स्वतःचंही आवडत नाही. पण या मुलाचं आवडलं, आणि त्याचा थोडा रागच आला.

आम्ही शहाणे लोक काय करतो? पासवर्ड कुठल्यातरी फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मग तो चोरीला गेला म्हणून बोंबलतो. विनेशने एकही पासवर्ड कुठे ठेवलेला नाही. कुठलंही काम करायला गेलं की यंत्रणा आधी विचारते, तू कोण? ओळख पटली तर तेवढ्या कामापुरता पास मिळतो, आणि काम झालं की पास रद्द. प्रोग्राममध्ये कुणी बदल केला तर तो आपोआप चालू होतो, पण त्याआधी विनेशने हो म्हटलं पाहिजे. दुपारी लिलाव संपला की सगळ्या माहितीची एक प्रत दूरच्या सर्व्हरवर जाते. त्यालाही विनेशचं हो लागतं. प्रोग्रामच्या वरच त्याने मराठीत लिहून ठेवलंय: "चावी ठेवायची नाही. माणूस ओळखायचा."

काकांना विचारलं, हे सुचलं कसं? ते हसले. "पोरी, जेटीवर कोन कागद बघतो? लांबून होरी दिसली का आमी सांगतो कोनाची हाय ती. चावी काय, कोनीपन बनवल."

मग विचारलं, विनेशचा फोन कुठे आहे? "त्याच्याच खिशात व्हता," काका म्हणाले आणि जाळ्याकडे वळले. पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

हे सगळं त्याच्या ओळखीवर चालतं आणि तो वर्षभर नाही. मग रोजची प्रत जाते कशी? काहीतरी स्वयंचलित सोडून गेला असणार. उद्या शोधते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं नाही.

आज मी मुद्दाम एक क्षुल्लक बदल केला, बर्फाच्या नोंदीतली एक चूक दुरुस्त केली आणि पाठवून दिली. पडद्यावर आलं, 'विनेशच्या मंजुरीची वाट पाहत आहे.' म्हटलं, बघ बाबा वाट. चहा ठेवला. नेमकं तेव्हाच पलीकडचं मशीन थांबलं, कानांना जरा बरं वाटलं. चहा उकळेपर्यंत पडद्यावर आलं:

मंजूर – विनेश.

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. आम्ही पेणकडचे मिठागरवाले. लहानपणी आजा मला संध्याकाळी खाडीकाठच्या खाजणात एकटीला पाठवायचा, भीती मोडावी म्हणून. ती मोडली, असं मी समजत होते. आज रात्री दिवा चालूच ठेवणार आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

तीन दिवसांत जे जे पाठवलं ते सगळं मंजूर झालं. निकेतला फोन केला. तो म्हणाला, "अगं, कोणीतरी त्याचं अकाऊंट वापरतंय, सिंपल आहे. ओळख लगेच बंद कर." मी म्हटलं, बंद केली की प्रतही थांबेल आणि वादळाचे मेसेजही. आधी दुसरी सोय करायला हवी. तो म्हणाला, "मग घाबरू नको." फार मोठा सल्ला.

संध्याकाळी काका रेशनच्या दुकानातून शिव्या घालत आले. यंत्राने त्यांचा अंगठा पुन्हा घेतला नाही. "साठ वर्सं रस्सी ओढली, रेसा कुठून ऱ्हातील? माझा घेत न्हाय, विनेसचा घेत नव्हता. शेवटी किसोरीलाच पाठवावी लागते." किशोरीवहिनी ओट्यावर काजबटण करत होती, मान वर न करता हसली. तिचे हात लहान मुलीसारखे मऊ आहेत. कोळंबी सोलली की तिचे हात सुजतात. कोळ्याची सून आणि कोळंबी सोसत नाही, यावरून अख्खा वाडा तिला चिडवतो. ती हिरव्या बांगड्या भरते, मंगळसूत्र घालते. कुणी काही म्हणत नाही.

मी यंत्राबद्दल काकांशी वाद घातला, की ओळख पटवायच्या यंत्रात चूक नसते, बोट नीट ठेवावं लागतं. त्यांनी आपला तळवा माझ्यापुढे धरला. खरंच, गुळगुळीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

वेडेपणा केला. लिहायलाही लाज वाटते, पण वही माझीच आहे.

प्रत्येक बदलासोबत तो कशासाठी केला हे एका ओळीत लिहावं लागतं. आज मी लिहिलं, "विनेश, हे बरोबर आहे का?"

मंजूर – विनेश.

मग लिहिलं, "तू कंटाळत नाहीस का?" पलीकडे मशीन बंद होतं. समुद्राचा आवाज येत होता आणि मी पडद्याकडे बघत बसले. या वेळी बराच उशीर लागला. मी म्हटलं, संपलं, नाही येत आता, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मग आलं.

मंजूर – विनेश.



२९ सप्टेंबर, सोमवार

नव्या ओळखी तयार करायला घेतल्या. रोजची प्रत नेणाऱ्या कामाला त्याची स्वतःची ओळख. त्याने फक्त प्रत ठेवायची, जुनी पुसायचा अधिकार नाही. नवा प्रोग्राम चालू करणाऱ्या कामाला वेगळी, तिला माहितीला हात लावता येणार नाही. माणसाचं हो लागतं तिथे दोन जिवंत माणसं. एक काका. दुसरं कोण ते ठरायचंय.

त्यासाठी जुन्या मंजुऱ्यांच्या नोंदी चाळल्या. हा मुलगा शिस्तीचा. वर्षानुवर्षं प्रत्येक विनंतीला हो. एकच राहिलीये, गेल्या वर्षी सतरा ऑक्टोबरची, दुपारची. मुदत संपून रद्द झाली. म्हटलं, चला, देवमाणूसही कधीतरी जेवून झोपतो! किशोरीवहिनी पोह्यांची बशी घेऊन आली होती, तिला गंमत म्हणून सांगितलं. ती थांबलीच नाही. बशी ठेवून गेली. पोह्यांत मीठ नव्हतं, आणि मीठ कमी पडलेलं मला चालत नाही, हे तिला पाठ आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कोजागिरीचा दुसरा दिवस. इथे तारखेने नाही, तिथीने वर्ष मोजतात, म्हणून आज विनेशला वर्ष झालं. आज होड्या बाहेर गेल्या नाहीत. घरात विधी काहीच नाही. शरीर मिळालं नाही, त्यामुळे दिवस घातलेले नाहीत. किशोरीवहिनीने मान्यच केलं नाही, असं काका म्हणाले.

काकांसोबत जेटीवर बसले. त्या दिवशी तेही समुद्रात होते. विनेश सगळ्यांत लांब होता, वारा त्याला पहिला कळला. "आमी समदे बेसावध. बगतो त विनेस आमच्याकडं येतोय. सदरा काढून हलवतोय, 'मागारी फिरा' करून वरडतोय. एका होरीकडं गेला, दुसरीकडं गेला. मी वरडलो, अरं तू चल आदी! त बोलला, 'उत्तरेला दयाराम हाय, त्याला सांगून येतो.' दयाराम आला. समदे आले." मग बांधून ठेवलेल्या होड्यांकडे बघत काका म्हणाले, "एवरा फोनचा मेसेज बनवला व्हता त्यानं. त्या दिवशी मना काय मेसेज आला न्हाय. समुद्रात कवा कवा न्हाय येत."

मी म्हटलं, हो, रेंजचा प्रश्न असणार. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं.

परत आले तर किशोरीवहिनी माझ्या दारात उभी होती. "मॅडम, त्यांचं नाव कवा काढनार?" म्हटलं, आठवडाभरात. मग विचारते, "जुनं समदं ऱ्हातं का त्यात? जे झालं न्हाय, ते पन?" मी म्हटलं, सगळं राहतं, प्रतीत सगळंच जातं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. विचित्र प्रश्न, पण आजच्या दिवशी कुणाला काय विचारायचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

भूत सापडलं.

दुपारी शेवटची चाचणी म्हणून एक बदल पाठवला. मशीन थांबलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडे लाकडावर काहीतरी घरघरलं, फोन टेबलावर घरघरतो तसं. आणि माझ्या डोक्यात इतके दिवस जे शिरत नव्हतं ते शिरलं. मी चप्पलही न घालता वळसा घालून गेले. किशोरीवहिनी मशीनपुढे बसली होती, समोर फोन उभा करून ठेवलेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: 'विनेश, तुम्हीच आहात ना?' तिने अंगठा ठेवला. फोनने मानलं.

ती मला बघून दचकली नाही. जणू वाटच बघत होती.

मी ओरडले. मला भीती वाटली होती, आणि भीती उतरली की मला राग येतो. मेलेल्या माणसाच्या नावाने सह्या करता, हा गुन्हा आहे, वगैरे बरंच बोलले. "मेलेल्या" दोनदा म्हणाले.

ती म्हणाली, "पयल्यापासून मीच करते. त्यांचा अंगठा फोन घेतच नव्हता. रस्सीनं रेसाच न्हाय ऱ्हायल्या. फोन आनला तवाच माझा लावला. चांगला फोन खाऱ्या पान्यात नको म्हनून घरीच ठेवायचे, होरीवर साधा न्यायचे. जेटीवरनं वरडायचे, 'किशोरी, अंगठा लाव!'"

म्हणजे काकांनी खिशातला म्हटला तो साधा फोन. आणि माणूस ओळखायचा म्हणून एवढी यंत्रणा बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून बायकोचा अंगठा आपला म्हणून दिला. इथे होडीचा परवाना अजून आजोबांच्या नावावर असतो, घरचं वीजबिल आजीच्या. घरातला कुणीही म्हणजे आपणच, यात त्याला काही चुकीचं वाटलंच नसणार. आम्हा मिठागरवाल्यांतही हेच चालतं.

मी निघताना ती म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं, कंटाळत न्हाईस का म्हनून. तवा लय येळ रडले मी." मला तोंड लपवावंसं वाटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. नव्या ओळखी चालू झाल्या, प्रत आपली आपण जाते. आता विनेशचं नाव कुठेच लागत नाही. एकदा बटण दाबलं की ती ओळख कायमची बंद.

आज ती स्वतःच आली. खाली जमिनीवरच बसली. "बंद करायच्या आदी एक काम हाय. त्या दिवशीचं एक ऱ्हायलंय. ते परत येल का माझ्या फोनवर?"

कुठल्या दिवशीचं, म्हणून मी नोंद उघडली. सतरा ऑक्टोबरची, मुदत संपलेली, जिची मी चेष्टा केली होती ती. मजकूर मी तेव्हा उघडलाच नव्हता. विनेशने होडीवरून साध्या फोनने पाठवला होता:

"वारा फिरला. सगळ्यांनी परत फिरा."

मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. कोजागिरी सोळा ऑक्टोबरला होती.

ती मजकुराकडे न बघताच सांगत होती. दिवाळीचं शिवणकाम होतं, मशीन सोडवत नव्हतं. फोन घरघरला. तिला वाटलं रोजचं प्रतीचं असेल, हातातली बाही संपवून लावू. बाही संपली तोवर मुदत संपली. मंजुरीशिवाय कुणाच्याही होडीला मेसेज जाणार नाही, हा नियम विनेशचाच. चेष्टेने कुणी खोटं वादळ पाठवू नये म्हणून केलेला.

"मेसेज गेला न्हाय म्हनून ते सोता गेले सांगायला," ती म्हणाली. "बाबांना ठावं न्हाय. त्यांना वाटतं रेंज नव्हती."

तसं वाटायला मीही मदत केली आहे. मी तिला म्हटलं, वहिनी, तो तसाही गेला असता. ती म्हणाली, "व्हय, गेले असते." दोघींनाही ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून ती फोन मशीनच्या पाटावर ठेवते आणि घरघरला की हातातलं टाकते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

होड्या बाहेर होत्या, आकाश स्वच्छ. ती विनंती मी जशीच्या तशी पुन्हा पाठवली. फक्त यादी बदलली. सगळ्या होड्यांना हे आज गेलं असतं तर घबराट झाली असती. मूळ यादीत विनेशचा साधा नंबरही होता. तो एकच ठेवला.

किशोरीवहिनी मशीनपुढे बसली, मी तिच्या मागे उभी. फोन घरघरला. 'विनेश, तुम्हीच आहात ना?' तिने पदराला हात पुसला. तो कोरडाच होता. अंगठा ठेवला.

मंजूर – विनेश.

माझ्या पडद्यावर आलं, 'पाठवला.' म्हटलं, झालं, इथेच थांबेल. समुद्राच्या तळाशी कुठलं नेटवर्क. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती, म्हणून मीही उभी राहिले.

मग तो शब्द बदलला. 'पोहोचला.'

 तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं रडायला लागली. "पोचला. बाबा, पोचला त्यांना!" काका हातातलं जाळं तिथेच टाकून धावत आले. त्यांना काय झालं ते कळलं नाही. तिने त्यांना सगळं सांगितलं, बाहीपासून. काका उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देते, हे मला माहीत आहे. मी बोलले नाही.

संध्याकाळी ओळख बंद केली. मंजुरीसाठीचं दुसरं नाव किशोरी हरेश्वर असं घातलं. तिनेच सांगितलं, नवऱ्याचं नाव मधे नको, सासऱ्याचं चालेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी काका ऑफिसात आले आणि म्हणाले, "विनेसची होरी बाहेर हाय ना त्यात? आत घे." दिवाळी झाली की विधी करायचे, असं किशोरीवहिनीनेच त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तूच कर ते बटन, मना दिसत न्हाय."

केलं. 'परत.'

ते गेल्यावर संस्थेच्या नंबरवर आलेली उत्तरं बघितली. एक होतं, विनेशच्या नंबरवरून, कालच्या मेसेजला.

"कौन?"

 मला सगळं ठाऊक होतं, तरी तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. काल क्षणभर का होईना, मीही मानलं होतं.

पलीकडे मशीन चालू होतं. दुपारच्या प्रतीत सगळं जातं, आणि एकदा गेलं की ते पुसायचा अधिकार मी कुणालाच ठेवलेला नाही, स्वतःलाही नाही. लिलाव संपायच्या आत मी ते उत्तर काढून टाकलं.